दाढेतला घरचा कापूस

५ ऑक्टोबर २०१७, दारव्हा

कोकिळे, तुझं नाव कोकिळा. हे सगळ्यात आधी लिहून घ्यायला लावलं आहे, कारण ही वही हातात घेशील तोवर तू तेही विसरलेली असशील. मी आयशाबी, गादीवाली. तीस वर्षं आपल्या दोघींच्या घरांत एकच भिंत होती. तू लेकाकडे वणीला राहायला गेलीस, तर जाताना चष्मा, गोळ्यांची डबी अन् एक चप्पल माझ्याच ओट्यावर विसरून गेलीस. एकच चप्पल. दुसरी घालून एस.टी.त कशी चढलीस ते अल्लाला ठाऊक. फोनवर मी सोमवारी जे सांगते ते तू बुधवारी मलाच ताजी बातमी म्हणून सांगतेस. म्हणून म्हटलं, आता लिहूनच ठेवावं अन् वही भरली की धाडून द्यावी.

मला अक्षर येत नाही. लिहिणार माझी सून गझाला. बारावी झालेली आहे, मराठी शाळेत. भाजीत मीठ मोजून टाकते अन् वर तारीख टाकल्याबिगर वहीत ओळ सुरू करत नाही. मी "मले" म्हणते, ही "मला" लिहिते. म्हणते, "अम्मी, लिहायचं थोडं नीट असते." लिही बाई नीट. तुझ्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या नासिरचं, गाद्यांचं दुकान मी अक्षराबिगर चाळीस वर्षं चालवलं, ते वाकडंच चालवलं असेल.

तर बातमी अशी, की माझी खालची डावी दाढ किडली अन् काल मी शादाबच्या दवाखान्यात गेले. शादाब म्हणजे शहजाद मेकॅनिकचा पोरगा. बापानं जीपखाली उताणं पडून जन्म काढला. पोरगा दाताचा डॉक्टर झाला, तर हा दुसऱ्याला उताणं पाडतो. एवढीच प्रगती.

त्यानं आधी भाषण दिलं. "दादी, तोंडात शेकडो जातीचे जंतू राहतात. सगळ्यांच्याच. दाताच्या बाहेर आहेत तोवर आपलं अन् त्यांचं भांडण नाही. कीड लागून भोक पडलं की ते आत, नस असते तिथपर्यंत जातात. म्हणून नस काढायची, मुळाच्या नळ्या धुवायच्या अन् पक्कं बंद करायचं."

मी म्हटलं, "माह्या तोंडात एवढा मोठा गाव वसला अन् मले कोणी सरपंच नाही केलं?"

सुई टोचली, गाल बधिर झाला. मग केसाएवढ्या सुया एकामागून एक आत घालायचा, फिरवायचा, काढून पाहायचा. उशीच्या कोपऱ्यात कापूस कोंबताना मीही असंच करते, फक्त मी इतकं गंभीर तोंड करत नाही. शेवटी औषध टाकलं, इवलासा कापसाचा बोळा ठेवला अन् वरून पांढरं सिमेंट लिंपलं. म्हणाला, "हे कच्चं आहे दादी. आठ दिवसांनी या. त्याआधी मधातच पडलं तर त्याच दिवशी या. थुंकी आत गेली की जंतू गेलेच समजा. त्याच दिवशी या."

दोनदा म्हणाला. मी दाढेची रोगी आहे, कानाची नाही.

८ ऑक्टोबर

सिमेंट पडलं. सुपारीला दोष देऊ नकोस, सुपारी मऊ होती.

सिमेंटाच्या मागून तो बोळाही जिभेवर आला. मी हातात घेऊन उजेडात पाहिला. कोकिळे, तो कापूस नव्हता, कापसाची मय्यत होती. धागा आखूड, चकाकी नाही, कुठल्या तरी कारखान्यात धुऊन धुऊन जीव काढलेला. अन् असला कापूस त्या पोरानं माझ्या तोंडात घातला! आमच्या घराण्याच्या! गावात कोणी बाळंत झाली तर तिच्या कानात घालायला कापूस आमच्या घरून जातो. तुमच्या देवाच्या वाती आमच्या कापसाच्या. कोणी गेलं तर शेवटचा कापूसही आमच्याच हातचा, अन् त्याचे पैसे आजवर घेतले नाहीत. पिंजाऱ्याच्या घरात परका कापूस येत नाही, तो काय माझ्या दाढेतून येणार?

मागल्या साली तानाबाईनं दिलेला पहिल्या वेचणीचा कापूस मी जपून ठेवला होता. त्यातला चिमूटभर घेतला, सरकी काढली, बोटांनी पिंजला, लवंगेच्या तेलात बुडवला अन् आरशात पाहून दाढेत नीट बसवला. वरून दोऱ्याला लावतो ते मेण लावलं. असं बसलं की शादाबनं येऊन शिकावं.

गझाला म्हणाली, "अम्मी, ते त्याच दिवशी या म्हणलते."

मी म्हटलं, "लिही. आपल्या घरात कापसासाठी बाहेर जायची रीत नाही."

१६ ऑक्टोबर

दुखत नाही. जराही नाही. आठ दिवस झाले, शादाबचा निरोप आला, मी गेले नाही. दुखत नाही त कायले जायचं? भरलेल्या पोटानं कोणी लग्नाच्या पंगतीत बसते का? बोळा दर तीन-चार दिवसांनी बदलते. दिवाळी आली, थंडी येते आहे, रजयांची घाई आहे.

आज तानाबाई आली होती. दोन कोसांवरच्या खेड्यातली, उकंडाची बायको. तू तिला विसरली असशील, ती तुला विसरलेली नाही. तिची विळी तू नेलेली आहे. रजईसाठी कापूस घेऊन आली अन् गाठोडं सोडताना माझ्याकडे पाहीना. कापूस पिवळा, चिकटलेला, निम्मी तर कवडी, अळीनं डागलेला न फुललेला कापूस. दोन बोंडंही दाखवायला आणली होती. वरून हिरवीगार, कुठं टाका उसवलेला नाही. फोडलं तर आत गुलाबी अळी, पाटलासारखी ऐसपैस बसलेली.

"पुडीवर त लिहिलं होतं, या बियाण्याले बोंडअळी येत नाही म्हणून," ती म्हणाली.

"अळीले वाचता येत नसन बाई," मी म्हटलं. "माह्यासारखीच."

ती हसली अन् हसताना गाल धरला. तिचीही दाढ दुखते. शादाबकडे जाऊ का, असं विचारत होती. मी म्हटलं, "थांब. पयले माह्यं काय होते ते पाय."

२७ ऑक्टोबर

शादाबनं चौथा निरोप पाठवला. या वेळी बापाकडून. शहजाद दुकानात येऊन नासिरला म्हणाला, "अम्मीले पाठव रे, पोरगा जेवत नाही नीट." एका दाढेपायी जेवत नाही! असली नाजूक माणसं डॉक्टर होतात अन् मग आपल्याला कडक पदार्थ खाऊ नका म्हणतात.

निघण्याआधी मेण काढलं, बोळा काढून टाकला, चूळ भरली. माझा चांगला कापूस त्यानं कशाला पाहायचा? उगाच लाजला असता.

त्यानं आत पाहिलं अन् विचारलं, "सिमेंट कधी पडलं दादी?"

मी म्हटलं, "काल."

"नक्की कालच?"

"मंग काय परवा पडलं म्हणू, तुह्या समाधानासाठी?"

गझाला माझ्याकडे पाहत होती. तिला पाहायची सवय आहे. त्यानं पुन्हा सुया फिरवल्या, औषधानं धुतलं. म्हणाला, "एका दिवसाचंच आहे त आज बंद करतो. जास्त दिवस उघडं राहिलं असतं तर पुन्हा औषध भरून पंधरा दिवस वाट पाहिली असती." मी मनात म्हटलं, बरं झालं, पंधरा दिवस वाचले. बुद्धी वापरली की वेळ वाचतो.

दाढ बंद झाली. आठ दिवसांनी वर टोपी बसवणार आहे. माझ्या दाढेला टोपी! नासिरच्या अब्बांना निकाहात मिळाली होती, त्यानंतर या घरात नवी टोपी हीच.

२१ नोव्हेंबर

दुखते आहे.

टोपी बसून तीन आठवडे झाले नाहीत तर हिरडीला फोड आला. दाबला की पू येतो. घास डावीकडे गेला की डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होतं. पाहिलंस, कोकिळे? नस काढली म्हणे, नळ्या धुतल्या म्हणे. मेलेली दाढ दुखतेच कशी? मेल्यावर दुखवायचं कसब या एकाच डॉक्टरकडे आहे.

२४ नोव्हेंबर

आज बाजार होता. मी गादी शिवायला मुद्दाम ओट्यावर बसले. जो थांबला त्याला सांगितलं. जो थांबला नाही त्याला हाक मारून सांगितलं. "मेकॅनिकच्या पोराकडून दाढ दुरुस्त केली बापा, आता पंचर घेऊन फिरून राह्यली." लोक हसले. मी बोलले की लोक हसतात, ते तुला आठवत असेल, नसेल. संध्याकाळपर्यंत बाजारात "पंचर दाढ" असंच नाव पडलं.

तानाबाई आली होती. गालावर पदर दाबून सरळ शादाबच्या दवाखान्याच्या पायरीवर चढत होती. मी इकडून हाक मारली, "कुठी चालली वं? तो दाढ दुरुस्त नाही करत, सडवते." ती पायरीवरून उतरली. म्हणाली, "बरं झालं सांगतलं." तंबाखूची मिसरी दाबून घरी गेली.

एक माणूस वाचवला आज.

२९ नोव्हेंबर

शादाब दुकानात आला. चार गिऱ्हाइकं बसली होती. म्हणाला, "दादी, दुखते तर तुम्ही मले काहून नाही सांगतलं? बाजारातून कळलं."

"बाजारात सांगितलं की सगळ्यांले कळते, तुलेही कळलं."

"एकदा येऊन फोटो काढू. काही राहून गेलं असंल माह्याकडून."

"राहून काय गेलं? तुह्यं शिक्षण राहून गेलं."

गिऱ्हाइकं हसली. तो हसला नाही, रागावला नाही. "सूज आली त लगेच या," एवढं म्हणून गेला. मी दुकानातून त्याचा दवाखाना पाहते. पाच दिवसांत तिघं चढले, त्यातला एक पत्ता विचारायला. नासिर म्हणाला, "अम्मी, आता बस करा ना." मी म्हटलं, गादीला टाका सैल पडला तर लोक मला नाही बोलत का? मी कधी डोळ्यात पाणी आणून फिरले का?

२ डिसेंबर

गाल सुजला. लोडासारखा. बोलवत नाही. पुरे.

३ डिसेंबर

आज गाल थोडा उतरला आहे, गोळ्या सुरू आहेत, म्हणून कालचं सांगते. सांगायचं नव्हतं. पण गझाला वही उघडून, तारीख टाकून बसली आहे.

काल तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. नासिरनं मला दुकानातून उचललं अन् समोर नेऊन शादाबच्या खुर्चीत ठेवलं, गादी ठेवावी तसं. मी चक्क ठेवून घेतलं. गझाला सोबत होती, ही वही घेऊन. मला बोलता येत नाही, काही खाणाखुणा केल्या तर लिहून घेता येईल म्हणे.

शादाबनं दाढेचा फोटो काढला अन् पडद्यावर दाखवला. मुळाच्या टोकाशी काळा डाग, ज्वारीच्या दाण्याएवढा. मग माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "एका दिवसाच्या थुंकीनं असं होत नाही. मी बंद केलं तेव्हाच जंतू खोल बसलेले होते. काही जंतू लई चिवट असतात. बारीक फाट्यांत जाऊन बसतात, तिथं सुई पोचत नाही. खायला नाही मिळालं तरी महिनोन्‌महिने उपाशी पडून राहतात, औषधालाही भीत नाहीत. वरून दाढ चांगली दिसते, आत हे बसलेले. बोंडअळीच समजा. मला तेव्हाच दिसायला पाहिजे होतं. माझंच काही चुकलं असंल."

उपाशी राहून मरत नाही, औषधाला भीत नाही, अंधारात वाट पाहत बसते. मी म्हटलं असतं, हे तर आपल्याच तालुक्यातलं दिसते. पण तोंड उघडत नव्हतं.

मग गझालाकडे वळून म्हणाला, "वणीला एका मोठ्या दवाखान्यात बोलावतात मले. मी हो म्हणून टाकलं. इथं कोणी येत नाही आता. अन् खरं सांगू का भाभी, आता मलाच भेव वाटते दुसऱ्याच्या दाढेत सुई घालायला."

तेव्हा गझालानं वही उघडली. मला वाटलं माझं काही लिहून घेते आहे. तिनं मागची पानं चाळली अन् वाचायला लागली. "आठ ऑक्टोबर. सिमेंट पडलं. सुपारीला दोष देऊ नकोस."

सगळं वाचलं. कापसाची मय्यत वाचली. मेण वाचलं. मग सत्तावीस तारीख वाचली, "काल" म्हटलं तेही वाचलं. मी हात हलवत होते. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं नाही.

शादाबनं बोटांवर मोजलं. "एकोणीस दिवस," म्हणाला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर मलाही काही करता आलं असतं. तो फक्त म्हणाला, "माह्या हातानं नाही झालं मंग." अन् तोंडावरची पट्टी वर ओढून घेतली, डोळ्यांपर्यंत.

मग हिरडीला चीर देऊन पू काढला, गोळ्या लिहून दिल्या, दाढ पुन्हा उघडून धुवावी लागेल म्हणाला. सगळं हळू बोलला. दादी म्हणाला. तेच जास्त लागलं.

४ डिसेंबर

(अम्मी म्हणाल्या, आज काही लिहायचं नाही. तारीख मी टाकली. — गझाला)

७ डिसेंबर

तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती माझ्याशी बोलली, जेवणाचं, गोळ्यांचं. आज मी विचारलं, "तू काहून वाचलं?"

"तुम्हीच सांगतलं होतं, मी लिहिलं होतं."

"ते कोकिळेसाठी होतं."

"अम्मी, तो पोरगा तुमच्यासमोर स्वतःले दोष देऊन राह्यलता. तुम्ही ऐकून राह्यलत्या. मी काय करू? झाडू मारू?"

मी म्हटलं, "ते पान फाडून टाक."

तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्हीच फाडा."

मी पानं उलटली. पयलं, दुसरं, चौथं. सगळी सारखी. मुंग्यांच्या रांगा. कोणती रांग माझी लबाडी अन् कोणती तानाबाईची बोंडं, मला काय कळणार? एवढं बोलले, एवढं हसवलं, अन् आपलंच बोलणं समोर पडलं तर ओळखता येईना. मी वही तिला परत दिली. ती हसली नाही. हसली असती तर तिला मी सोडलं नसतं, हे तिला ठाऊक आहे.

एक मात्र लिही. कापूस चांगलाच होता. जागा चुकली.

९ डिसेंबर

उकंडा आला, बायकोची रजई न्यायला. म्हटलं, तानाबाई का नाही आली? तर म्हणाला, चार दिवसांपासून पडून आहे. गाल सुजून डोळा बंद झाला. पाणीही नळीनं पिते.

"मंग दवाखान्यात काहून नेत नाही रे?"

"येत नाही ना. म्हणते, आयशाबीनं सांगतलं, तो पोरगा सडवते. अन् यवतमाळले नेतो म्हटलं त म्हणते, कवडी कोणी वेचायची?"

मी चप्पल घातली. दोन्ही घातल्या, कोकिळे. नासिर म्हणाला, "अम्मी, तुमचाच गाल अजून उतरला नाही, कुठी चालल्या?" मी उकंडासोबत काळीपिवळी जीपमध्ये बसले. रस्त्यात एकेक खड्डा दाढेतून गेला. बरं झालं.

तानाबाई खाटेवर होती. एक डोळा बंद, दुसऱ्यानं पाहत होती. मी म्हटलं, "ऊठ, शादाबकडे चाल."

ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "तूच म्हणलती, सडवते."

"म्हणलती. खोटं म्हणलती. त्यानं बंद केली होती, मीच उघडी ठेवली. एकोणीस दिवस माह्या कापसाचा बोळा होता तिच्यात. अन् त्याले काल पडलं म्हणून सांगतलं."

तिनं तो एक डोळा माझ्यावर रोखला. "खोटं तवाचं का आताचं?"

कोकिळे, सत्तर वर्षांत मला कोणी असं विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी पयले बसते खुर्चीत. तू दारात उभी राहून पाय. मेली त वापस जाजो, रजई फुकट देईन."

"रजई माह्याच कापसाची हाय," ती म्हणाली. पण उठली.

१० डिसेंबर

काल दुपारी जीपनं आम्ही थेट दवाखान्यापुढं उतरलो. दोघी सुजलेल्या, ती उजवीकडून, मी डावीकडून. बाजूच्या टपरीवरची माणसं उभीच राहिली. मी पायरीवर चढले अन् वळून म्हटलं, "पंचर दाढ पाह्यले जमले का? ऐका मंग. पंचर मी केली. या पोरानं कच्चं सिमेंट लावून त्याच दिवशी ये म्हटलं होतं. मी नाही गेली, घरचा कापूस कोंबला, अन् वरून खोटं बोलली. आता हसा."

कोणी हसलं नाही. पयल्यांदाच. बेकार वाटते बाई ते.

शादाबला म्हटलं, "दार उघडं ठेव. हिले पाहू दे." त्यानं दार उघडं ठेवलं. सुई टोचली. टोपी कापायचं यंत्र त्यानं दोनदा तोंडाजवळ आणलं अन् दोनदा मागं घेतलं. मी म्हटलं, "पोरा, तुह्या जन्माच्या वेळी तुह्यं दुपटं मी शिवलं. त्यात एकही टाका सैल नव्हता. आता तू मले सैल टाका घालू नको." त्यानं श्वास घेतला अन् टोपी कापायला सुरुवात केली. दाढ उघडली तेव्हा आतून जो वास आला, तो मीच ओळखला. ओल्या गोदामातल्या कवडीचा. त्यानं धुतलं, पुन्हा धुतलं, एवढं की मला वाटलं आता माझं आडनावही धुऊन जाते. औषध भरलं. वर सिमेंट.

तानाबाई दारात हलली नाही. मी उतरले तशी ती चढली.

तिला पाहून त्याचा चेहरा बदलला. माझ्याशी बोलतो तसं बोललाच नाही. पटपट सुई, पटपट चीर, मोठ्या दवाखान्याला फोन, उकंडाला म्हणाला, आत्ताच्या आत्ता यवतमाळला न्या, मी सोबत येतो. गाडीत बसताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "सूज गळ्याकडे उतरून राह्यली होती दादी. दोन दिवस अजून थांबली असती तर श्वास अडला असता."

मी ओट्यावर येऊन बसले. सुई ओवता येईना. गझालानं ओवून दिली.

२० डिसेंबर

तानाबाई घरी आली. दाढ गेली, तिच्या बाजूचीही एक गेली. त्या वाचल्या असत्या, ती बाजाराच्या दिवशी त्या पायरीवर चढली असती तर. हे मला कोणी बोललं नाही. मीच शादाबला विचारलं, अन् त्यानं खोटं सांगितलं नाही. मी भेटायला गेले तर तिनं चहा दिला. मोकळं बोलली नाही. पुढंही कदाचित बोलणार नाही. बाजारात आता मला पाहून लोक विचारतात, "आयशाबी, आज काय नवीन?" मी म्हणते, "रजया आहेत. घ्यायची त घ्या."

माझ्या दाढेत औषध आहे. म्हटलं, टिकेल का? तर म्हणतो, सांगता येत नाही. एवढं शिकून सांगता येत नाही! पण न सांगता येणाऱ्या गोष्टीला "काल" म्हणण्यापेक्षा ते बरं, असं म्हणावं लागेल. सिमेंटाला मी जीभही लावत नाही.

दवाखान्यात हळूहळू लोक चढायला लागले, पण वणीच्या लोकांना त्यानं शब्द दिलेला आहे. सहा महिने सोमवार ते बुधवार तिकडे, बाकी दिवस इकडे. मी म्हटलं, शब्द मोड. म्हणाला, "दादी, दिलेला शब्द मोडायचा त तुमच्यात अन् माझ्यात फरक काय राहिला?" पाहिलंस, बोलायलाही लागला.

ही वही त्याच्याच हाती पाठवते आहे. त्याला म्हटलं, वाचशील तर वाच, तुझ्याबद्दल चांगलं काही नाही त्यात. तो म्हणाला, निम्मं तर ऐकलंच आहे.

आता नीट ऐक. वणीत तो एका खोलीत राहणार आहे, चूल नाही. सोमवारी तुझ्याकडे येईल. बेसनाच्या पातोडीची भाजी कर, रस्सा झणझणीत, सोबत ज्वारीची भाकर. डबा दारातून देऊ नको, बसवून खाऊ घाल. बुधवारी निघेल तेव्हा त्याच्या हाती शेवया पाठवजो, दरसाल मला देतेस तशा, हातच्या, बारीक, दुधात शिजवल्या की न चावता गिळता येतील अशा, महिनाभर पुरतील एवढ्या. त्या तानाबाईच्या घरी तोच देईल, माझं नाव सांगायचं नाही. मला यंदा काही पाठवू नको.